रांजणडोहाची वाळू

प्रिय हरिओम,

हे पत्र गहिनीनाथच्या हाती देतो आहे. तो ट्रॅव्हल्स घेऊन पुण्याला येतो, तुझ्या खोलीवर पोचवेल. फोन केला असता, पण आपला फोन माय मोठ्या आवाजावर लावते आणि अप्पा शेजारीच बसलेले असतात. शिवाय फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतोस. दिवाळीत तू मित्रांना घेऊन रांजणडोहावर पोहायला येणार आहेस. त्यांच्यापैकी कुणीही वरच्या खडकावरून उडी मारायची नाही. तूसुद्धा नाही. हे आधी लिहितो, बाकीचं मग.

माय बरी आहे. काळ्या कानाची मेंढी व्याली, कोकरू धडधाकट आहे. यंदा डोंगरात पाऊस असा झाला की ओढ्याच्या लोंढ्यात काठावरची मोठी बाभूळ मुळासकट गेली. ती पुढे कुठे अडकली, कुणी पाहिलं नाही. खाली तलावात म्हणावं, तर मध्ये आपला डोह आहे. पाणी आता निवळलं आहे, हिरवंगार दिसतं, तुमच्या फोटोत छान येईल. पण तळ दिसत नाही.

मित्रांना आपली रीत सांगायची झाली तर नीट सांग. पावसाळ्यानंतर लोकर कातरायच्या आधी मेंढ्या डोहात धुतात. त्याआधी आपल्या घरातला एक माणूस बुडी मारून तळ बघतो आणि तळाची मूठभर वाळू बिरोबापुढे ठेवतो. ती वाळू दिसली की पोरांनी खुशाल उड्या माराव्यात. तोवर कुणी पाण्यात पाय घालत नाही.

यंदाही अप्पाच उतरले. मी काठावर घोंगडी घेऊन उभा होतो. ते लवकर वर आले. फार लवकर. छाती भात्यासारखी हलत होती, बोलता येत नव्हतं, पण मूठ मिटलेली होती. बिरोबापुढे त्यांनी ती उघडली आणि मी पाहिलं. वाळू तांबूस होती, खडे मिसळलेली. तळाची वाळू काळी असते, पिठासारखी. तांबूस वाळू कडेच्या पायरीवर असते, जिथे मीसुद्धा उभा राहू शकतो. पुरानं तळाला नवी वाळू आणली असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. लोकांनी हात जोडले, मेंढ्या धुतल्या. मेंढ्या कडेकडेनंच पोहतात, त्यांना काही झालं नाही.

त्या दिवसापासून अप्पा रोज कळप तिकडेच नेतात आणि वरच्या खडकावर बसून राहतात. वस्तीवरची पोरं कपडे काढून आली की म्हणतात, "पानी लई गार हाय, छातीत भरंल. उद्या या." दुसऱ्या दिवशी म्हणतात, कपारीत आग्यामोहोळ बसलंय. वस्तीवरच्या मुंजाजीनं परवा सगळ्यांसमोर अप्पांवरून टोमणा मारला, "काय बे सोमा, सटवाबाबा डोहाचे वाचमन झाले का? पगार कोण देतंय?" सगळे हसले, अप्पाही हसले. मायनं विचारलं, "कावून बसता तिथं दिसभर?" तर म्हणाले, "सावली बरी हाय." त्या खडकावर सावली नाही, हे तुला माहीत आहे. दुपारची भाकरीही तिथेच मागवतात, आणि निम्मी परत येते. तू मित्रांना आणणार हे कळल्यापासून तर तेवढीही खात नाहीत. तुला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. ते पुन्हा पाण्यात उतरतील, याची मला जास्त भीती वाटते.

आधी तुला येऊच नकोस असं लिहिलं होतं. तो कागद फाडला. तू आला नाहीस तरी वस्तीवरची पोरं एखाद्या दिवशी ऐकणार नाहीत. म्हणून हरिओम, तू मित्रांच्या आधी ये, एकटा ये. रविवारी अप्पा नेकनूरच्या बाजाराला जातील, तेव्हा आपण दोघं डोहावर जाऊ. तळ गाठायला अप्पांनी तुलाच शिकवलं, मला पाण्याचं भय म्हणून मेंढ्या चोळायला ठेवलं. दोराचं एक टोक तुझ्या कमरेला, दुसरं माझ्या. खडकाला बांधायचं नाही, खडकाला काही कळत नाही. खोड किंवा फांदी हाताला लागली तर वाळूचा हट्ट धरू नकोस, सरळ वर ये. मग अप्पांना काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू, मला एकट्याला ते जमणार नाही. आणि तळ मोकळा असला, तर काळी वाळू घेऊन ये. ती अप्पांच्या वाळूवरच ठेवू, शेजारी नको. ते सोमवारी सकाळी पाया पडायला जातील, त्यांना ती ओळखू येईल. आपण काही बोलायचं नाही. तुला पाण्यात उतर म्हणणं जिवावर येतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. तू ये. त्यांना त्या खडकावरून उठवून दुपारचं घरी जेवायला आणायचं आहे.

तुझाच,
सोमेश्वर