गल्ल्यावर न म्हणायचा शब्द

पुणे, ४ जून २०२५

ती. अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्यापुढे माझ्या तोंडून ‘हो’शिवाय काही निघत नाही, म्हणून लिहिते आहे. फार थकले आहे, अप्पा. वर्षभर रात्रपाळी, दिवसा झोप लागत नाही, डोकं जड. परवा मीटिंगमध्ये लंडनच्या साहेबबाई पुढचं वर्षही मला रात्रीच ठेवायचं म्हणत होत्या आणि मी ‘येस, येस’ करत होते. आपण कुणाचं ऐकताना ‘हं, हं’ करतो ना, तसं. त्यांनी तो होकार धरला. महिनाअखेर कायम होईल.

ऑफिसात इंग्रजीचा वर्ग आहे. तिथं शिकवतात, आधी समोरच्याचं म्हणणं कळलं असं सांगायचं, मग ‘पण’ म्हणून आपलं मांडायचं, आवाज न चढवता. वर्गात जमतं, साहेबबाईंपुढे पुन्हा ‘येस’च निघतं. दुकानात तुम्हीच शिकवलंत, गल्ल्यावर बसून ‘नाही’ म्हटलं की लक्ष्मी रुसते. डाळ संपली तरी ‘उद्या मिळेल’ म्हणायचं. काय करू, सांगा.

आईला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.
आपली, महेश्वरी

सेलू, ११ जून

चि. महेश्वरीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आईलाही वाचून दाखवलं. माझा गुडघा दुखतो, दुकानात गिऱ्हाईक कमी. इंग्रजीत भांडायला शिकतेस म्हणे! मराठीत तर कधी भांडली नाहीस. माझं ऐक, एवढं वर्ष ओढ. मोठ्या माणसाला तोंडावर नकार देऊ नये. पोरीची नोकरी विलायतेच्या घड्याळावर चालते, असं मी मठात सगळ्यांना सांगून बसलोय. तिथला बसवेश्वरकाका रोज विचारतो. त्याला आता काय सांगू?

दूध पीत जा.
तुझा, अप्पा

पुणे, १९ जून

ती. अप्पांना, शि. सा. न.

तुमचं म्हणणं मला कळलं. काळजीनं लिहिलंत, तेही कळलं. पण मला ते पटत नाही.

हे वाक्य इंग्रजीत पुष्कळदा घोकलं. मराठीत, तुम्हाला, आज पहिल्यांदा. काल साहेबबाईंना असंच सांगितलं, तुमची अडचण समजते, पण माझी तब्येत साथ देत नाही. बरं झालं सांगितलंस म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. एवढंच! मग मी खूप रडले. भीती त्यांच्या रागाची नव्हतीच हो, तुमच्या रागाची होती.

रागावला असाल तरी दोन ओळी लिहा.
आपलीच, महेश्वरी

सेलू, २६ जून

चि. महेश्वरीस, अनेक आशीर्वाद.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. तुझ्या आईशीही धड बोललो नाही. मग वाटलं, लेकरू एवढं थकलंय आणि मी मठातल्या लोकांचं घेऊन बसलोय. माझंच चुकलं.

आज बसवेश्वर दुकानात आला, रात्रीचं काम कायम झालं का म्हणून. मी गल्ल्यावरच होतो. न्हाई म्हणलो, पोरगी थकली, तिनं सोडलं ते. तो बरं म्हणाला आणि साखर घेऊन गेला. मी हळूच गल्ल्याच्या पाया पडलो. गल्ला आहे तिथंच आहे.

आता चार दिवस झोपायला ये. उठवायला कुणी आलं, तर मी गल्ल्यावरूनच न्हाई म्हणतो.

वाट पाहणारा, अप्पा