उपाशी बाटली

२ तारीख
ताईने वही दिली तेव्हापासून आज लिहू, उद्या लिहू करत तीन आठवडे गेले. वहीवर चहाचे डाग पडले, अक्षर नाही. असो. नोकरी लागली! ही माझी सातवी. (सहावीतून का काढलं ते नंतर.) खाडीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी तपासायची प्रयोगशाळा, वरच मला खोली, खिडकीतून धक्का दिसतो. सामान लावायला ताई आली होती. जाताना माझाच उष्टा चहा पिऊन गेली. लहानपणापासूनची खोड, स्वतःचा कप घेईल तर शपथ.

३ तारीख
प्रयोगशाळेच्या मॅडम समजावतात, मी अर्धं ऐकतो. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव, प्लवक, असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व लागतं, पण स्वतःला करता येत नाही. ते जिवाणू करतात. म्हणजे हे उष्ट्यावर जगतात का, असं विचारलं तर मॅडम हसल्या, म्हणाल्या, तसंच समज. ते कमी पडलं की एक जात मरते, दुसरी माजते. आमच्या बारा बाटल्या. अकरांत मी रोज सकाळी जीवनसत्त्वाचा थेंब टाकतो. बारावीत नाही. तिला सगळे ‘उपाशी’ म्हणतात.

९ तारीख
नमुना काढायच्या काचेच्या नळीला रबरी फुगा असतो. तो फाटला. धक्क्यावरचे होडीवाले काका नळीने डिझेल तोंडाने ओढतात, तसंच ओढलं. उपाशीतलं घोटभर पोटात गेलं. कोणाला बोललो नाही. सातवी नोकरी आहे.

१७ तारीख
पायांना मुंग्या. जीभ लाल, काचेसारखी गुळगुळीत. काका म्हणाले, प्रेमात पडलास काय रे, एकाच पायात चप्पल? खरंच एकच होती. दुसरी कुठे काढली, आठवेना.

२१ तारीख
काल डॉक्टर म्हणाले, रक्तात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. इंजेक्शन दिलं. आज सकाळी जीभ हिरवी. घाबरून मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. उपाशीतलेच प्लवक होते. फक्त लठ्ठ. म्हणाल्या, देऊ तितकं जीवनसत्त्व तेच खातील, न दिलं तर तू— आणि हातमोजे चढवले. माझा पेला वेगळा ठेवायचा. उष्टा थेंबही कोणाच्या पोटात जाता कामा नये.

२४
ताईला कळवलं, येऊ नकोस. मजेत आहे.

२६
मागची पानं वाचली. हे मी लिहिलं? जीभ हलत नाही. पेल्याच्या काठावर हिरवं. पुसलं. परत आलं.

२९?
दुपार. दार वाजलं — आली. न कळवता. ही वही दिली ती. मला बघून रडते. घसा सुकला म्हणते — टेबलावर माझा पेला. उचलला. पाय उठत नाहीत. आवाज नाही. पेन आहे. मोठ्ठं लिहून दाखवतो —

पिऊ नकोस

बघत नाहीये. हाक मारली तर — काय म्हणतो मी हिला — दोन अक्षरं — पिऊ नकोस ता