मांडवाबाहेरचा धवला

रविवार, ७ जानेवारी १९९६

आणला! तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला. जुना, विलायती, चार स्पीडचा. झाकण गायब. आत झुरळांचं अख्खं खानदान. रिक्षात मांडीवर घेऊन बसले, साडी ग्रीसने बरबटली.

ओटीवर धर्मराज उभा. माझा धाकटा भाऊ. "बाय, लोक भंगार इकतान. तू घरान आनतंस?" नव्या शहरासाठी सरकारने शेतं घेतली तसा हा बिल्डर झाला, दर महिन्याला घरात नवं काहीतरी येतं आणि जुनं उकिरड्यावर जातं. त्याने मला भंगाराबद्दल शिकवू नये!

कशासाठी आणला ते त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते. आईची तबकडी वाजवायची आहे. धर्मराजच्या रंजिताच्या हळदीला, भर मांडवात, लाऊडस्पीकरवर. सानपाड्यातल्या प्रत्येक घरात ऐकू गेली पाहिजे.

मंगळवार, ९ जानेवारी

आज सगळं लिहूनच टाकते. मनात ठेवून ठेवून आंबलंय.

आई धवलारीण होती. राहीबाई धवलारीण म्हटलं की दिवाळे गावापासून घणसोलीपर्यंत ओळखायचे. आम्हा आगऱ्यांत तेव्हा लग्न लावायला भटजी लागत नसे. धवलारीण धवले गायची, देवांना मांडवात बोलवायची, गाण्यात नवरा-नवरीचं नाव घालायची, की लागलं लग्न. नियम एकच — लग्न नाही तर धवला नाही. उगाच गाऊन देवांना बोलवायचं नाही.

चौसष्ट साली रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस आला आणि आईला मचव्यातून मुंबईला घेऊन गेला. ती गाऊन आली. कंपनीने रेकॉर्ड बाजारात काढलीच नाही, नमुन्याची एकच तबकडी पोस्टाने पाठवली. ती वाजवायचं यंत्र गावात कुणाकडेच नव्हतं. पण बोभाटा व्हायला यंत्र कशाला लागतं? राहीबाई लग्नाशिवाय धवला गायली! त्याच पावसात, तिने लग्न लावलेला एक नवरा मुलगा खाडीत बुडाला. झालं. पुढची पंचवीस वर्षं, मरेपर्यंत, आईला कुणी मांडवात बोलावलं नाही. ती कुणाला एका शब्दाने बोलली नाही.

मला दोन स्थळं आली, दोन्ही परत गेली. "आयशीनी देव फुकट बोलावलं, पोरीचे लग्नाला ते कशाला येतीन?" आज मी बेचाळीस वर्षांची आहे. रबाळ्याच्या कंपनीत ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळते. लग्न झालं नाही म्हणून मेले नाही. पण आईला ऐकलंच नाही कुणी, आणि शिक्षा देऊन मोकळे झाले — हे मला पचत नाही. पचणारही नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी

मोटर हलत नाही. जुनं ग्रीस सुकून डिंक झालंय. रॉकेलमध्ये भिजत घातली.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायका वाण लुटत होत्या, मी मोटर घासत होते. धर्मराजची बायको, गोजरावहिनी, तिळगूळ घेऊन आली आणि नाकाला पदर लावून परत गेली. "ताई, सनाचे दिवशी तरी ठेवाचा ना ता!" नाही ठेवला. चार वाजता मोटर फिरली! मी एकटीच ओरडले.

बुधवार, १७ जानेवारी

मोटर फिरते, पण थाळी दर फेऱ्याला "धप्" करते. मोटरचा जोर थाळीला पोचवणारं एक रबरी चाक असतं. ते वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलंय, तिथे खड्डा पडलाय आणि रबराचा दगड झालाय.

वाशीला झहूरभाईंच्या दुकानात नेलं. मूळचे मोरा बंदरावरचे, तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतायत. बघून म्हणाले, "ताई, या मशीनची तर मय्यत झाली. चाक कुठनं आणू? कॅसेटचा जमाना पण संपत आला, आता सीडी घ्या." मी म्हटलं, सीडीवर माझी आई नाही. तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि तबकडी दाखवा म्हणाले.

उजेडात धरून बराच वेळ पाहिली. काठापासून आत बोटभर तडा आहे. मी कधी नीट पाहिलंच नव्हतं! जुन्या लाखेच्या तबकडीला जाड सुई लागते, एलपीची सुई लावलीत तर नुसती खरखर येईल, म्हणाले. सुई ते शोधणार. चाक माझ्यावर.

"आनि एक गोष्ट. ही एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल की फुटेल, अल्ला जाने."

गुरुवार, १८ जानेवारी

ठरलं. आधी ऐकून बघायची नाही. एकदाच वाजणार असेल तर मांडवातच वाजेल. झहूरभाई शेजारी टेपरेकॉर्डर लावतील.

बुधवार, २४ जानेवारी

शेजारच्या कंपनीत रबराचे वॉशर करतात. तिथल्या फोरमनकडून एक जाड कडं मागून आणलं आणि जुनं रबर काढून चाकावर बसवलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्याच वाइंडिंग मशीनच्या दांड्यावर चाक चढवलं आणि पॉलिश पेपर धरून गोल घासत बसले. सुपरवायझर डाफरला, "शालनताई, ही काय घरची गिरणी आहे का?" बारा वर्षांत या मशीनवर माझी एक कॉइल परत आलेली नाही. तेच ऐकवलं. गेला बिचारा.

शनिवार, २७ जानेवारी

धप् गेलं!! थाळी लोण्यासारखी फिरते.

रविवार, २८ जानेवारी

झहूरभाई स्वतः घरी आले, सुई घेऊन. मी चहा टाकला आणि मग आठवलं — रमजान! ते हसले, "आपण प्या की ताई."

स्पीड तपासायची त्यांची रीत मला फार आवडली. कागदाच्या चकतीवर सत्त्याहत्तर रेघा, चकती थाळीवर, वर ट्यूबलाइट. रेघा स्थिर दिसल्या की समजायचं अठ्ठ्याहत्तरचा स्पीड बरोबर. बघितलं तर थाळी गरागरा फिरतेय आणि रेघा जागच्या जागी! मग त्यांच्याकडची एक टाकाऊ तबकडी लावली. कुणी बुवा पेटी वाजवत होते. स्वच्छ!

पेटी ऐकून धर्मराज आत आला. आता सांगावंच लागलं.

"आयशीची? माजे पोरीचे हळदीला? याड लागलाय तुला? सोयरं उठून जातीन!"

"जाऊ देत."

"तुजा काय जातंय? तुला पोर ना बाल!"

झहूरभाई मान खाली घालून वायर गुंडाळत राहिले. मी रडले नाही. म्हटलं, "धर्मा, तुझ्या लग्नात धवले गायला दुसरीला आणलं होतं. आई मागच्या दारी बसून तांदूळ निवडत होती. तुला आठवतं? मला आठवतं." तो निघून गेला.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आठ दिवस धर्मराज बोलत नाही. वहिनी ताट समोर ठेवते आणि जाते. असू दे. प्लेअरच्या लाकडाला पॉलिश केलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

रंजिता कॉलेजातून आली ती थेट माझ्या खोलीत. नवरी मुलगी, हातावर मेंदीची नक्षी कोणती काढायची यातच गुंग असेल असं मला वाटायचं. म्हणाली, "आत्या, पप्पांना सांगून आलेय. आजीचा धवला लागला नाही तर मी पाटावर बसनार नाय. बँडवाल्यांना काय करायचंय ते नंतर करू दे." मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? तर म्हणे, "कसली? माज्या आजीची?"

या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. एवढी मोठी झालीय, उचलली जाणार नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मांडव उभा राहिला. धर्मराज प्लेअरपाशी आला, बघत उभा राहिला. "टेबल हलतंय," एवढंच बोलला आणि पायाखाली पुठ्ठा सरकवून गेला.

आवाजच नसला तर? आईचा गळा त्या दिवशी बसलेला असला तर? सगळं गाव हसेल. हसू दे! सुई मीच ठेवणार.

शनिवार, १० फेब्रुवारी

वाजली. तीन मिनिटं, शेवटपर्यंत.

खरखर, आणि मग आई. तरणी, ठणठणीत. तिने गणपती बोलावला, एकवीरा बोलावली, खाडीवरचे देव बोलावले. मग नवरीचं नाव घेतलं — "नवरी माजी शालन बाय".

मी! दहा वर्षांची होते मी तेव्हा. लग्नाशिवाय गायचं नव्हतं ना, म्हणून तिने त्या स्टुडिओत माझं लग्न लावलं. नवऱ्याच्या नावापाशी शब्दच नाही, नुसता सूर धरलाय.

मांडवातून कुणी उठून गेलं नाही. धर्मराज खांबाला धरून लहान मुलासारखा रडत होता. सवाष्णी हळदीची वाटी घेऊन रंजिताभोवती थांबल्या होत्या. मी उठले, वहिनीच्या हातून वाटी घेतली, आणि पहिलं बोट माझ्या गालाला लावलं.