दिलं म्हणायचं राहिलं

धुळे,
ता. ९ जानेवारी २०२४

चि. भाईदास यास,
रुपचंदचे अनेक आशीर्वाद.

परवा फोन आपटून ठेवलास, म्हणून हे पत्र. आपण दोघं फोनवर तिसऱ्या मिनिटाला भांडतो. कुंदा म्हणते, भांडायचंच असेल तर टपालानं भांडा, निदान मधले चार दिवस डोकं थंड राहील. तेव्हा आता पूर्वीसारखी पत्रं.

नवं रिमोटचं विमान, टिटवी, तयार झालं. नाव कुंदानं ठेवलं, मी विमानाला नंबर देणार होतो. पाच फुटांचा पंख, आत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या बावीस फासळ्या, सगळ्या हातानं कापलेल्या. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं, पण इतकी नीट जोडणी त्यांच्यातल्या एकालाही जमली नाही. माझी स्तुती मीच करून घेतो, कारण तू करणार नाहीस. वरून पिवळी फिल्म इस्त्रीनं चिकटवली, खालून पांढऱ्यावर काळे पट्टे. वर गेल्यावर पोट कुठलं आणि पाठ कुठली ते कळायला हवं. या वेळी पट्टे दुप्पट रुंद केले. दिसायला बरे दिसतात.

निळं विमान मात्र गेलं. मागच्या रविवारी माळावर वारा आडवा आला आणि ते सरळ बाभळीत शिरलं. पंधरा वर्षांत इतका वाईट वारा पाहिला नव्हता.

मावसभाऊ पुनाचा निरोप आहे, की धरणगावच्या शेतातली कपाशीची पऱ्हाटी फेब्रुवारीअखेर निघेल. मग तो सगळा तुकडा मोकळा. धुळ्याहून मी येतो, जळगावहून तू ये, टिटवी तिथं उडवू. मोटार तू बांधून दे. शेतकऱ्यांच्या पाणबुड्या मोटारींतून सवड झाली, तर सख्ख्या भावाचंही एक काम करावं माणसानं.

राग गेला असेल तर उत्तर धाड, नसेल गेला तर नुसती मोटार धाड.

तुझा,
रुपचंदभाऊ


जळगाव,
ता. १७ जानेवारी २०२४

ती. स्व. रुपचंदभाऊ यांस,
धाकट्या भाईदासचा शि. सा. न. वि. वि.

फोन मी आपटला नाही, हातातून पडला. असो. मोटार बांधायला घेतली आहे. दुकानात फैजपूरच्या केळीवाल्यांच्या पंपांची रांग लागली आहे. त्यातला एकजण ही एवढीशी मोटार बघून हसला आणि विचारत होता, की हिच्यानं पेलाभर तरी पाणी चढेल का. मी म्हटलं, ही पाणी नाही चढवत, माझ्या भावाला हरभऱ्याच्या झाडावर चढवते.

आता भांडणाचं. भाऊ, त्या रविवारी वारा नव्हता. मी इथे गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, एक पान हललं नाही. धुळ्यात वेगळा वारा असतो म्हणाल, तर मान्य. पण पट्टे दुप्पट रुंद का करावे लागले? आणि तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत. फळ्यावर रेघ मारायलाही तुम्हाला कधी पट्टी लागली नाही. डोळे एकदा दाखवून घ्या, एवढीच विनंती. रागावलात तरी चालेल, पण दाखवा.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया तशीच राहू द्या.

आपला,
भाईदास


धुळे,
ता. २५ जानेवारी २०२४

भाईदासभाऊजींना कुंदाचे आशीर्वाद.

हे पत्र यांना ठाऊक नाही. पोस्टात मीच टाकणार आहे.

तुम्ही डोळ्यांचं लिहिलंत ते खरं आहे. दिवाळीपासून चहा कपाच्या बाहेर ओततात. जिन्याची शेवटची पायरी चुकते. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, फार उशिरा आलात. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्यानं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. गेलेलं परत येत नाही म्हणाले. थेंब चालू आहेत. कोणाला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली आहे, ती मी आज मोडते आहे.

निळं विमान पडलं तेव्हा मी तिथे होते. ते तोंडासमोरून येत होतं आणि यांनी रिमोटची काठी उलट्या बाजूला दिली. शेळ्या चारणारी एक म्हातारी बाई खाली होती. तिच्यापासून चार हातांवरून ते बाभळीत गेलं. ती बिचारी हसत होती.

उडवू नका असं मी म्हणणार नाही. सहा महिने त्या टिटवीवर बसले आहेत, तेवढंच त्यांना जगायला कारण आहे. पण एकट्यानं उडवू नये. तुम्ही काहीतरी करा, त्यांचा मान राहील असं करा.

तुमच्या घरी सगळ्यांना आठवण सांगा.

कुंदावहिनी


धुळे,
ता. १० फेब्रुवारी २०२४

चि. भाईदास यास अनेक आशीर्वाद.

मोटार पोचली, पत्रही पोचलं. नव्या मोटारीवर लक्ष ठेवायला दोन रिमोट वायरनं जोडू या, असं लिहितोस. मोटारीवर लक्ष! तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणी बोरं चोरलीस तेव्हाही येत नव्हतं. कुंदानं तुला लिहिलं, हे मला त्याच क्षणी कळलं. तिच्यावर रागावलो, मग रागावणं सोडलं. हो, डोळे चालले आहेत. लिहून टाकलं, बरं वाटलं.

वायर चालेल. पंधरा वर्षांपूर्वी मी तुला तसंच शिकवलं होतं: मालकाचा रिमोट माझ्याकडे, शिकाऊचा तुझ्याकडे. स्प्रिंगचं बटण मी दाबून धरलं की विमान तुझ्या हातात, सोडलं की माझ्या. आता शिकाऊ मी. वाईट वाटतं, पण चालेल.

मात्र अट तीच, जी तेव्हा तुझ्यासाठी होती. काढून घेताना तोंडानं घेतलं म्हणायचं, परत देताना दिलं म्हणायचं, आणि समोरच्यानं हो म्हटल्याशिवाय बटणाला हात नाही. तू शिकत होतास तेव्हा मी एकदाही न बोलता घेतलं नाही, तू दोन विमानं मातीत घातलीस तरी. पडलं तर माझ्या हातून पडू दे. पंख मोडला तर मोडला, तो मी बनवलेला आहे. हे कबूल असेल तरच ये.

३ मार्चला रविवार आहे. पुनाला कळवलं आहे. बायकापोरांना बांधाच्या पलीकडे बसवायचं, हे तू बघ.

तुझ्यावर रागावलेला, पण तुझाच,
रुपचंदभाऊ


जळगाव,
ता. ६ मार्च २०२४

ती. स्व. रुपचंदभाऊ यांस सादर नमस्कार.

सुखरूप पोचलो. दोन दिवस दुकान उघडलं नाही. टिटवीचं फार वाईट वाटतं. पण भाऊ, दहा मिनिटं काय उडवलीत! त्या उजव्या वळणावर तर पुनानं टोपी काढली. तो मला कानात विचारत होता, की हाई इमान कपाशीवर फवारा मारस का. त्याला वाटलं, भाऊनं एवढं केलं ते शेतीच्याच कामाला असणार.

पडलं त्यात तुमची काही चूक नाही. शेवटच्या वळणावर बॅटरी बसली, मोटार बंद पडली, मग कोणी काय करणार. बॅटरी जुनीच होती, मीच बदलायला हवी होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. निघताना तुम्ही माझा निरोपही घेतला नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी रागावून पत्र लिहा, गप्प बसू नका.

आपला,
भाईदास


धुळे,
ता. १४ मार्च २०२४

चि. भाईदास यास आशीर्वाद.

मोडक्या टिटवीतून बॅटरी काढली आणि कुंदाला मीटरवरचे आकडे वाचायला लावले. अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. बॅटरी बसली नव्हती.

आता माझं ऐक. पहिल्या मिनिटालाच विमान समोरून आलं आणि मी चुकलो. समोरून येताना डाव्याचं उजवं होतं, तेव्हा जो पंख खाली, त्याच बाजूला काठी द्यायची, हे मीच तुला शिकवलं. मी उलटी दिली. माझी चूक मला कळली, पण टिटवी चुकली नाही. ती शहाण्यासारखी वळून गेली. मग मी मुद्दाम काठी डावीकडे दिली, ती उजवीकडे गेली. तेव्हा समजलं, की तू न बोलता घेतलं आहेस आणि मी लोकांसमोर गळ्यात खेळणं अडकवून उभा आहे.

मी मोटारीची काठी शून्यावर ओढली, रिमोट गळ्यातल्या पट्ट्यावर सोडला आणि हात पाठीमागे बांधले. तसाच उभा राहिलो. नऊ मिनिटं. पुना वा भाऊ, वा भाऊ म्हणत होता, आणि तू त्याला दुजोरा देत होतास. एकाहत्तर वर्षांत इतका अपमान कोणी केला नव्हता.

शेवटी तुझ्याच हातून पडलं. तेही कबूल करायची तुझी हिंमत नाही. बॅटरीवर ढकललंस. का?

रुपचंद


जळगाव,
ता. २२ मार्च २०२४

ती. स्व. भाऊ यांस,
अपराधी भाईदासचा शि. सा. न.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. दोन दिवस लिहायचं धैर्य झालं नाही. आता जसं घडलं तसं सांगतो.

पहिल्या मिनिटाला टिटवी खाली मुंडी घालून बांधाकडे निघाली. बांधापलीकडे पुनाच्या घरच्या बायका होत्या, कडेवर लेकरं होती. मला वहिनींनी लिहिलेली ती शेळ्यांची बाई आठवली आणि मी बटण सोडलं. घेतलं म्हणायला वेळ नव्हता. हे खरं आहे. पण नंतर वेळ होता, भाऊ. नऊ मिनिटं होती. मी बोललो नाही. तुम्हाला कळलं नसेल असं वाटलं, आणि आपणच उडवतोय असं समजून तुम्ही सुखात आहात असंही वाटलं. मी खरंच तसं समजत होतो.

मग उतरवायची वेळ आली. माझंच मन मला खाऊ लागलं. सहा महिने ज्यानं फासळ्या कापल्या, त्याला जमिनीला टेकवण्याचा तरी मान मिळावा. समोर शेत मोकळं होतं, माणूस नव्हतं. शेवटच्या वळणावर मी बटण दाबलं आणि तुम्हाला दिलं. पण दिलं असं तोंडानं म्हणालो असतो, तर तोवर माझ्याकडे होतं हे उघड झालं असतं. म्हणून बोललो नाही. तुमच्याकडे पाहिलंही नाही, कारण विमानावरची नजर काढायची नाही, ही तुम्हीच लावलेली शिस्त.

मोटार बंद झाली तेव्हा मला वाटलं, तुम्हाला दिसलं नाही. वाटलं, भाऊचे डोळे गेले. डोळ्यांमुळे पडलं हे तुम्हाला कळू नये म्हणून बॅटरीचं नाव घेतलं.

आज कळतं, की तुमची काठी शून्यावर होती आणि हात पाठीमागे होते. ते पडलं तेव्हा ना तुमच्याकडे होतं, ना माझ्याकडे. डोळ्यांमुळे नाही पडलं, भाऊ. माझ्यामुळे पडलं.

काय शिक्षा द्याल ती मान्य आहे. फक्त लिहा.

भाईदास


धुळे,
ता. ४ एप्रिल २०२४

चि. भाईदास यास रुपचंदचे अनेक आशीर्वाद.

हे मी सांगतो आहे आणि कुंदा लिहिते आहे. माझ्या ओळी आता मलाच सापडत नाहीत.

तुझं पत्र तिच्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. पहिल्या वेळी राग आला. दुसऱ्या वेळी हसू आलं. दोन म्हातारे भाऊ शेजारी शेजारी उभे, दोघांच्या गळ्यात रिमोट, आणि विमान कोणाचंच नाही. तिसऱ्या वेळी रडलो, ते कुंदानं पाहिलं, म्हणून लपवत नाही. हात मागे बांधताना मीही तुला काही बोललो नाही. तेव्हा अर्धा दोष माझा. शिक्षा वगैरे काही नाही.

टिटवीचं दुःख ओसरलं. लेकरांकडे जाताना घेतलंस, त्याबद्दलही राग नाही, मीही तेच केलं असतं. बॅटरीचं मात्र अजून टोचतं. भाईदास, यापुढे मला तुम्हा सगळ्यांच्या शब्दावर चालायचं आहे. दारात कोण आलं, पायरी संपली की नाही, औषधाची बाटली कुठली, हे तुम्ही सांगाल तेच माझ्यासाठी खरं. त्यात कोणी मला बरं वाटावं म्हणून वेगळं सांगू लागलं, तर मी पाय टाकू कुठे? वाईट असेल ते वाईट म्हणून सांगा. मला सोसेल. खोटं मात्र सोसणार नाही.

उजवा डोळा आहे तसा टिकेल असं डॉक्टरांनी कुंदाला सांगितलं आहे. तेव्हा थंडीत एक लहान विमान करायचं मनात आहे, तीन फुटी. बाल्सा मागवला. या वेळी मालक तू, शिकाऊ मी, आणि दोघांनी तोंड उघडायचं. मुलांना आशीर्वाद. मोठा म्हणून माझा हात तुझ्या डोक्यावर आहे तसाच आहे.

रुपचंदभाऊ

भाईदासभाऊजी, हे खालचं माझं आहे.

वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, एक शब्द बदलला नाही. उजव्या डोळ्याचं लिहिताना हात अडला, तरी लिहिलं. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की उजवाही जाईल, दिवाळी गाठली तर पुष्कळ. टिकेल हे मी माझ्या मनानं सांगितलं. ते घरी येताना रिक्षात बाल्साचं बोलू लागले होते, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. आता खरं कसं सांगू, ते मला सुचत नाही. तुम्ही या.

ते समोर खाटेवर बसले आहेत. इतका वेळ काय लिहिते आहेस म्हणून विचारताहेत. मी सांगितलं, पत्ता लिहिते आहे.

कुंदावहिनी