वासुदेवराव पाद्री झाले

कारंजा (घाडगे),
ता. ७ मार्च १९७९

ति. वासुदेवदादांस,
याकोबचा सप्रेम सलाम. वि. वि.

देव असता तर आर्वी डेपोची गाडी एकदा तरी वेळेवर सुटली असती, हे तुमचं वाक्य वाचून तुमची बहीण खूप हसली. पण डेपोत इतकी वर्षं कंट्रोलर तुम्हीच होतात, देवाला कशाला मध्ये ओढता?

आता काळजीचं. कोकिळेच्या पोटात गाठ आहे. येत्या बुधवारी वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन आहे. गाठ कसली, ते काढून तपासल्यावर कळेल. शाळेत दहावीची परीक्षा, केंद्र माझ्याकडे. रविवारशिवाय मला हलता येत नाही. तुम्ही तिच्याजवळ राहाल का? तिनं माझ्याशी लग्न केलं, येशूला मानलं, तेव्हा तुमच्याकडच्या सगळ्यांनी दार लावलं. एकटे तुम्ही आलात, तेही सगळेच देव सारखे खोटे म्हणत. म्हणून तुम्हालाच विचारतो.

तिची अट एकच. रोज बायबलातलं एक स्तोत्र वाचून दाखवायचं, टीका न करता.

वाद चालू द्यावा, लोभ कमी करू नये.
आपला,
याकोब


वर्धा,
ता. १७ मार्च १९७९

चि. याकोबराव यांस,
वासुदेवचे अनेक आशीर्वाद. (नास्तिकाचे चालत नसतील तर परत पाठवावेत.)

ऑपरेशन नीट झालं. गाठ तपासायला नागपूरला गेली. कोकिळा पेज घेते. अट मी अर्धी पाळतो. वाचता वाचता थांबून विचारलं, हा तुमचा भक्त देवाजवळ एवढी कुरकुर का करतो? तर म्हणाली, दादा, कुरकुर आपल्याच माणसाजवळ करतेत. वर हसली, टाके दुखले, आणि नर्स माझ्यावर रागावली.

पण पंचाईत वेगळीच झाली. शेजारच्या खाटेवर जामकडच्या रुख्माबाई आहेत. माझं वाचन ऐकून त्यांनी मला पाद्री ठरवलं. काल ऑपरेशनला नेण्याआधी म्हणाल्या, पाद्रीबुवा, मह्यासाठीबी दोन शब्द बोला ना, लय भेव लागून राह्यलं. मी सांगितलं, बाई, मी देव मानत नाही. त्या म्हणाल्या, तुमी नका मानू, मी मानतो न!

खोटं बोलवेना, उठून जाववेना. शेवटी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, रुख्माबाईचं भेव कमी होवो, डॉक्टरचा हात न थरथरो, आणि हिला घरी न्यायला हिची माणसं येवोत. कोणाला उद्देशून बोललो, मला ठाऊक नाही. शेवटी काय म्हणायचं ते बाईनं कोकिळेला विचारलं आणि मोठ्यानं आमेन म्हटलं. कोकिळा चादरीत तोंड खुपसून हसत होती.

बाई बऱ्या आहेत. श्रेय डॉक्टरचं, लिहून ठेवा.

मुलांना गोड पापा, तुम्हाला प्रेम.
वासुदेव


कारंजा (घाडगे),
ता. २० मार्च १९७९

ति. दादांस, याकोबचा सलाम.

तुमचं पत्र वाचून आधी पोटभर हसलो. मग हे लिहायला बसलो.

रविवारी मी कोकिळेच्या खाटेशी उभा होतो. प्रार्थनेला तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. घसा बसला समजून तुम्ही पाणी दिलंत. घसा ठीक होता. गाठीचं कळल्यापासून मला प्रार्थना करताच येत नाही. चर्चमध्ये डोळे मिटून उभा राहतो, झालं. देव नाही असं वाटत नाही, दादा. तो ऐकेल आणि तरी नाही म्हणेल, याची धास्ती वाटते.

हे पाद्रीसाहेबांना सांगायचं, ते तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही दचकणार नाही म्हणून. कोकिळेला कळू देऊ नका. आणि जिंकलो म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

माया असू द्यावी.
याकोब


वर्धा,
ता. २२ मार्च १९७९

चि. याकोबराव यांस, आशीर्वाद.

गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं. पुढचं बसून वाचा.

जिंकलो वगैरे काही म्हणत नाही. माणूस एवढा घाबरला असताना कसलं जिंकणं? तुमचं पत्र मी दाखवलं नाही. पण आज स्तोत्र संपल्यावर तीच म्हणाली, दादा, तुमचे जावाई मुके झाले, मले माहीत हाय. तवापासून त्यांच्या वाटचीबी प्रार्थना मीच करून राह्यली.

मी विचारलं, आणि माझ्या वाटची? म्हणाली, तुमच्या वाटची तर लग्नाच्या पयलेपासून चालू हाय. एवढ्या वर्षांत मला न विचारता! भांडणार होतो. पण ती एवढी वाळली आहे, की चष्मा पुसत बसलो. माझं मत मात्र जागच्या जागी आहे, याची नोंद घ्यावी.

रविवारी तिला घेऊन दुपारच्या गाडीनं निघतो. तुम्ही स्टँडवर या. प्रार्थना सुचली तर सुचली, नाही तर तसेच या. तिला अजून एकटीला चालवत नाही. दोन्ही बाजूंनी धरावं लागतं, आणि मी एकच बाजू धरू शकतो.

तुमचाच,
वासुदेव