माझ्या वाटणीचं पाप

रविवार, ५ ऑक्टोबर १६५१
महिनाअखेर प्रार्थनाघरातली बाकं नव्याने वाटणार. वय, मालमत्ता, अब्रू बघून. मी पिंपं ठोकून शून्यातून वर आलेला माणूस, तरी चौथ्या बाकावर. पाणचक्कीवाला एल्नेथन पर्चर्ड दुसऱ्या. हेवा अजिबात नाही. फक्त त्याची मान रुंद आहे, पाद्री दिसत नाहीत.

आज त्याने भर सभेत उभं राहून पाप कबूल केलं. उपवासाच्या दिवशी चोरून मक्याची लापशी खाल्ली म्हणे. बायका रडल्या. पाद्री म्हणाले, "असा पश्चात्ताप पहिल्या बाकाला शोभतो." घ्या. खाऊन वर बढती.

मंगळवार, ७
ठरलं. आपणही कबुली द्यायची. त्याच्यापेक्षा मोठी. पहिलं बाक आपलं.

बायकोला, थँकफुलला, सांगितलं. म्हणाली, "अहो, पण पाप कुठलं?" म्हटलं, शोधतोय. तर म्हणे, "चक्कीवाल्याचं नाव निघालं की तुमचा घास घशात अडकतो, तेच सांगा की."

बाईमाणसाला धर्मातलं बारीकसारीक कळत नाही.

शुक्रवार, १०
पापांची उजळणी केली. आळस: कोंबड्याआधी उठतो. गर्व: माझ्याइतका नम्र माणूस अख्ख्या गावात नाही. हेवा: तो तर माझ्यात औषधालाही सापडणार नाही.

सज्जन असण्याचा हा तोटा.

रविवार, १२
उभा राहिलो. म्हणालो, मागे एकदा प्रवचन चालू असताना मला मनातल्या मनात हसू आलं होतं. सभेत खोकले. म्हातारी हेफझिबा म्हणाली, "बस रे बाबा खाली, पाय गारठले माझे."

एल्नेथन कीव आल्यासारखा बघत होता. ते सहन झालं नाही. तोंडातून निघून गेलं, "आणि माझी पिंपं मापाला कमी भरतात."

मग हुंदके. लापशीपेक्षा दुप्पट तरी असतील.

(पिंपं चोख आहेत. पण रडले किती.)

बुधवार, १५
कॉन्स्टेबल माप घेऊन दुकानात. एकेक पिंप पाण्याने भरून पाहिलं. सगळी पुरेपूर. मी म्हटलं, बघितलंत ना?

म्हणाला, "बघितलं, बार्झिलाईदादा. म्हणजे देवाच्या घरात उभं राहून खोटं बोललात."

मी पिंपातलं पाणी उपसायला घेतलं.

रविवार, २६
बाकं वाटली. मी शेवटच्या बाकावर, दाराशी, जिथे लोकांची कुत्री बसतात. एल्नेथन पहिल्या. एवढ्या लांबून त्याची मान बारीक दिसते, तेवढंच बरं.

प्रवचन संपलं आणि तो पुन्हा उठला. म्हणाला, "बंधूंनो, मी पापी आहे. त्या दिवशी तुम्ही बार्झिलाईदादांसाठी माझ्याहून जास्त रडलात, आणि मला त्यांचा हेवा वाटला."

अख्खी सभा ढसाढसा रडली. थँकफुलसुद्धा.

ते पाप माझं होतं.