बिनटक्सचं ब्लाउज

मु. राहू, मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

ठरलं एकदाचं! डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, आन् रक्ताच्या तपासणीत कळलं की हा दोष आईकडून आलाय. आई आणि मावशी, दोघी त्यातच गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवीकडंही धोका मोठा आहे. दोन्ही काढा, नाहीतर डावा काढून उजव्याची तपासणी करत राहा, विचार करून सांगा.

थोरला मुलगा एकच धरून बसला होता, "आई, चांगला हाय तो कशाला कापायचा?" त्याची माया मला कळते. पण रोज अंग चाचपत जगणं मला जमेल का? न्हाईच.

आज संध्याकाळी मशीनवर बसले. गावातल्या बायांची ब्लाउजं शिवण्यात जन्म गेला. प्रत्येकीकडून मापाला जुनं ब्लाउज मागून घेते. आज माझ्याचसाठी कापड बेतलं, छातीला गोलाई देणारा एकही टक्स न घालता. सपाट. मापाला कुणाचं मागणार?

आमचे हे दारात येऊन उभे राहिले. ब्लाउज उलटसुलट करून पाहिलं आन् म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या हायेत. तुला वाकडं शिवलेलं कवा खपलंय?"

इतकी हसले की दोरा तुटला! तशीच उठले आणि थोरल्याच्या मोबाईलवरून डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "दोन्ही काढा." थोरला डोळे पुसत म्हणाला, "तू काय ऐकतीस व्हय कुणाचं!"

हुक तेवढे राहिलेत. ऑपरेशन होऊन घरी आले की लावीन. यापुढं माझ्या मापाला हेच ब्लाउज.